बसून वाजवायचे वाद्य

आमची नात सई न्यू जर्सीत असते. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री (पृथ्वी गोल असल्याचा खरा त्रास फक्त आजी-आजोबांना होतो), ती फोनच्या पडद्यावर अवतरली आणि म्हणाली, "आजोबा, मी शाळेच्या बँडमध्ये बसून घेतलं!"

मी म्हटलं, "शहाणी माझी बाय ती! बसूनच घ्यावं. उभ्यानं काही घेऊ नये."

पलीकडे बराच गोंधळ झाला. शेवटी चिरंजीव पडद्यावर आले आणि त्यांनी खुलासा केला की, बसून नव्हे, बासून. ते एक वाद्य आहे. आणि ते वाजवतात मात्र बसूनच.

मग ते वाद्य आम्हाला दाखवण्यात आलं. बासून म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबीची लाकडी नळी, मध्ये दुमडून माणसाच्या खांद्याएवढी केलेली. इटालियन लोक तिला 'फागोत्तो' म्हणतात, म्हणजे लाकडाची मोळी. वरच्या अंगाला पितळी नळीचं एक वाकडं शेपूट आणि त्याच्या टोकाला बोरूसारख्या काडीच्या दोन पात्यांची पत्ती. ही पत्ती पाहून मात्र मला ओळख पटली. आपल्या सनईला असते तीच जात. म्हणजे हे सनईच्याच कुळातलं. फक्त सनई लग्नाच्या मांडवात गेली आणि हे विलायतेत वाढून थोराड झालं.

सईनं वाजवायला सुरुवात केली. त्या वेळी घरात ही होती, मी होतो आणि कानाच्या तपासणीसाठी मुक्कामाला आलेले आमचे मेहुणे होते. पहिला सूर निघाला आणि मेहुणे म्हणाले, "कुणाची म्हैस अडली रे?"

आम्ही तिघंही हसलो. हसलो म्हणजे चांगले खोखो हसलो. हिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. हसू ओसरल्यावर पाहतो तर सई थांबलेली. ती रडली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "आजोबा, हे फनी नाहीये. हे सॅड गाणं आहे."

पडदा काळा झाला. त्यांचं नेटवर्क गेलं, असं चिरंजीवांनी नंतर सांगितलं. मी ते मानल्यासारखं केलं.

आता, निवृत्त माणसाला अपराधी वाटू लागलं की तो अभ्यास करतो. मीही बासूनचा अभ्यास सुरू केला. त्यात पहिली गोष्ट कळली ती अशी की, आम्ही तिघंच पापी नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात बासूनला विदूषकच म्हणतात. 1940 साली डिस्नेनं 'फँटेशिया' काढला, त्यात मिकी माऊस जादूनं झाडूला पाणी भरायला लावतो आणि ते त्याला थांबवता येत नाही. संगीत द्युका या फ्रेंच गृहस्थांचं, 1897 सालचं. तो झाडू थपाक थपाक चालू लागतो ते बासूनच्या सुरांवर. मिकी कुऱ्हाडीनं झाडूचे तुकडे करतो, सगळं शांत होतं, आणि मग पहिल्यांदा कुरकुरत जागं होतं तेही याचंच थोरलं भावंड. थोडक्यात, काम झाडूचं.

1936 साली प्रोकोफिएव्हनं मॉस्कोत मुलांसाठी 'पीटर अँड द वुल्फ' केलं. त्यात एकेका पात्राला एकेक वाद्य दिलं आहे. पक्ष्याला बासरी, मांजराला क्लॅरिनेट, आणि कुरकुऱ्या आजोबांना अर्थातच बासून. आजोबा सांगतात, कुरणात जाऊ नकोस, लांडगा आला तर? मुलं हसतात. आता गंमत पाहा. लांडगा खरोखरच येतो! येतो आणि बदकाला गिळतो. त्या गोष्टीत खरं बोलणारा माणूस कोण, तर आजोबा. पण शेवटच्या मिरवणुकीतही ते मागून कुरकुरत येतात आणि पोरं पुन्हा हसतात. (आजोबा या नात्यानं मी हा मुद्दा जरा मनाला लावून घेतला असेल. पण मुद्दा खरा आहे.) तेच वाक्य बासरीनं म्हटलं असतं, तर त्याला दूरदृष्टी म्हटलं असतं.

बरं, या वाद्याला दुसरं काही येतच नाही म्हणावं, तर तेही नाही. मोत्झार्टनं 1774 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, याच्यासाठी कन्चेर्तो लिहिला. चायकोव्हस्कीची 1893 सालची सहावी सिंफनी अंधारातून उठावी तशी बासूनच्या खोल सुरातून उठते, आणि तिच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी तो गेला. तिथे कोणी म्हशीची आठवण काढत नाही. स्ट्राव्हिन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ची सुरुवातही बासूनचीच, पण इतक्या वरच्या पट्टीत की ओळखू येऊ नये. 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये त्याच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी जो धुडगूस घातला, तो प्रसिद्धच आहे. आणि हीच रचना त्याच 'फँटेशिया'त पृथ्वीच्या जन्मकथेला घेतली आहे. म्हणजे एकाच सिनेमात त्याच वाद्याकडे झाडूचंही काम आणि विश्वोत्पत्तीचंही. लोकांना आठवतो तो झाडू.

1970 साली अमेरिकेत आणि इंग्लंडात स्मोकी रॉबिन्सनचं एक गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, 'द टिअर्स ऑफ अ क्लाऊन', विदूषकाची आसवं. चाल सर्कशीसारखी उड्या मारणारी, बासून त्यात मजेत गुरगुरतो आहे, आणि गाणं मात्र वरून हसणाऱ्या आणि आतून रडणाऱ्या माणसाचं. आणि 2021 साली आलेल्या 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' या मालिकेच्या पहिल्या भागमालेत तर खुनी निघते ती बासूनवादक बाई. (ज्यांनी पाहिली नसेल त्यांची क्षमा मागतो.) वाद्यवृंदात दुसऱ्या खुर्चीवर बसणारी ही बाई सगळ्यांना सांगत असते की, मी पहिल्या खुर्चीवर असते. खुनाचं समर्थन मी करणार नाही. पण खुर्चीबद्दलचं तिचं खोटं मला समजलं.

समजलं, कारण मला नाना आठवले.

1974 साली आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. शेजारी नाना. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला. माणूस किरकोळ, पण आवाज असा की पोटाच्याही खालच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवतंय असं वाटावं. ते "दूध आलं का?" म्हणाले तरी पोरं हसायची. साहजिकच गणेशोत्सवाच्या नाटकात हवालदार, राक्षस आणि भूत ही खाती कायम त्यांच्याकडे. त्या वर्षी आम्ही ज्ञानेश्वर बसवलं आणि रेड्याचा आवाज एकमतानं नानांना दिला. घोंगडीखाली दोन पोरं आणि विंगेत नाना. नाना महिनाभर एका भटजींकडे जाऊन ऋचा शिकले. चुकू नये म्हणून. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी शुद्ध स्वरांत ऋचा म्हटल्या आणि प्रेक्षक पोट धरून हसले. अध्यक्ष म्हणाले, रेडा बेस्ट झाला.

त्याच कार्तिकात एका पहाटे दार वाजलं. दारात नाना. म्हणाले, "जरा येतोस का? आई उठत नाहीये."

आणि मी हसलो.

दुष्टपणानं नाही हो. झोपेत होतो. तो आवाज कानात शिरला, रेडा आठवला, आणि हसू आलं. शब्द कानात पोचायच्या आधी हसू पोचलं. नाना थांबले. माझं हसून होईपर्यंत थांबले, आणि मग तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हणाले. मला ओशाळं वाटू नये म्हणून किंचित हसलेसुद्धा.

मी धावत गेलो. त्या आधीच गेल्या होत्या. माझ्या हसण्यानं काही उशीर झाला असं नाही. तरी पन्नास वर्षं तो अर्धा मिनिट माझ्या खात्यावर पडून आहे.

आता प्रश्न असा की, यात माझा गुन्हा कोणता? हसू काही कोणी ठरवून हसत नाही. शिवाय नानांना ते आवडायचंही. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊन विचारलं, "यंदा मला काय देताय?" ज्याला आवडतं त्याला हसण्यात पाप कसलं? पण मग असंही वाटतं की, माणसाला आपण एकच दार उघडं ठेवलं, तर तो त्याच दारानं येणार. त्याला ते दार आवडतं, असं आपण म्हणायचं, हे काही खरं नव्हे. हसण्यात पाप नसेल. पण हसून झाल्यावर, तो काय म्हणत होता हे आपण विचारत नाही, तिथे कुठेतरी आहे. पैठणला रेडा बोलला हा चमत्कार मोठाच. पण भोवतीची माणसं न हसता ऐकत उभी राहिली, हा मला अलीकडे त्याहून मोठा वाटू लागला आहे. आम्हाला शिवाजी मंदिरात पंखा लागला तरी खोकला येतो.

पुढच्या रविवारी मी सईला म्हटलं, "ते सॅड गाणं पुन्हा वाजव." मेहुण्यांना ताकीद दिली. त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, उलट ते नीट बसवा.

तिनं वाजवलं. खरं सांगतो, पहिल्या सुराला हसू आलंच. सवय पन्नास वर्षांची. मी ते गिळलं आणि ऐकत राहिलो. चारपाच सुरांनंतर म्हैस निघून गेली. नंतर जे उरलं ते कोणीतरी दाराशी उभं राहून हळू आवाजात काहीतरी सांगतंय, असं होतं.

"आजोबा, आवडलं?" सईनं विचारलं.

मी म्हटलं, "आवडलं. पुन्हा एकदा वाजव. मी बसून ऐकतो."

ती हसली. या वेळी मात्र ते वाद्याला नव्हतं.