जो अजून भरती झालाच नाही

डिसेंबर २००५मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आणि शहर बससेवा ठप्प झाली. वादाच्या मुळाशी होता अशा माणसांचा पगार, जी अजून नोकरीला लागलीच नव्हती. यापुढे भरती होणाऱ्या प्रत्येक कामगाराने पहिली दहा वर्षं पगाराचे सहा टक्के निवृत्तिवेतनासाठी भरावेत, असा महानगर परिवहन प्राधिकरणाचा, म्हणजे एमटीएचा, आग्रह होता. कामावर असलेले लोक दोन टक्के भरत होते. त्यांचे दोन टक्के तसेच राहणार होते. तरीही ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनच्या ‘लोकल १००’ या शाखेने २० डिसेंबरला पहाटे तीन वाजता काम थांबवलं.

हे सोपं नव्हतं. न्यूयॉर्क राज्याच्या टेलर कायद्यानुसार सरकारी आणि सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना संपाची मनाई आहे. संपाच्या एका दिवसापोटी दोन दिवसांचा पगार कापला जातो. वर न्यायालयाने युनियनला दिवसाला दहा लाख डॉलरचा दंड लावला. नाताळ पाच दिवसांवर आलेला, कडाक्याची थंडी, ब्रुकलिन पुलावरून चालत ऑफिस गाठणारी माणसं आणि त्यांचा संताप. साधारण तेहतीस हजार कामगारांनी हे सगळं ओढवून घेतलं ते कोणासाठी? ज्यांची नावं कोणत्याही हजेरीपटावर नव्हती, त्यांच्यासाठी.

आपल्याकडे पितृऋण म्हणतात ते मागे पाहणारं ऋण आहे, पण ते फेडायचं असतं पुढच्या पिढीकडे. बापाने दिलेलं बापाला परत करता येत नाही. ते मुलाच्या हाती द्यावं लागतं. संपावर उतरलेल्या कामगारांची भावना याहून फार वेगळी नव्हती. त्यांच्या आधीच्या पिढीने, १९३४मध्ये ही युनियन उभी करणाऱ्या आयरिश स्थलांतरितांनी आणि जानेवारी १९६६च्या संपात तुरुंगात गेलेल्या माइक क्विल यांनी, जे मिळवलं होतं त्यावरच त्यांचं घर चाललं होतं. क्विल यांचं त्या संपानंतर सुमारे दोनच आठवड्यांनी निधन झालं. असा वारसा असताना आपण निवृत्तिवेतनासाठी दोन टक्के भरायचे आणि मागून येणाऱ्याला सहा टक्के भरायला लावायचे, हे पुष्कळांना पटण्यासारखं नव्हतं.

युनियनचे अध्यक्ष रॉजर टूसाँ हे त्रिनिदादहून आलेले, रुळांच्या देखभालीचं काम केलेले गृहस्थ. कायद्याच्या वर न्यायाची हाक असते, असं त्यांनी संपाच्या वेळी सांगितलं आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग यांची नावं घेतली. शहरात अनेकांना ही तुलना झोंबली. पण ती उगाच केलेली नव्हती. किंग यांनी १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात संत ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस यांचा आधार घेऊन अन्याय्य कायदा आणि न्याय्य कायदा यांत फरक केला होता. नियम माझ्यावर लादताना तो ठरवण्यात माझा हात होता का, हीसुद्धा त्यांची एक कसोटी होती. एप्रिल १९६८मध्ये मेम्फिसला त्यांची हत्या झाली, तेव्हा ते तिथल्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. तो संपही न्यायालयाच्या मनाईहुकुमाविरुद्धच चालला होता. सहा टक्क्यांची कपात म्हणजे वर्णभेद नव्हे, हे उघड आहे. पण ज्याच्या ताटातलं काढायचं त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

साधारण साठ तासांनी, २२ डिसेंबरला, संप मागे घेतला गेला आणि आठवड्याभरात करार जुळला. नव्या कामगारांवरची सहा टक्क्यांची अट गेली. सदतीस महिन्यांत अनुक्रमे तीन, चार आणि साडेतीन टक्के वेतनवाढ ठरली. किंग यांच्या जयंतीची भरपगारी सुट्टी मिळाली. बदल्यात सगळ्या कामगारांनी पहिल्यांदाच आरोग्यविम्यासाठी पगाराचा दीड टक्का द्यायचा होता. म्हणजे न आलेल्यांवरचं ओझं उतरलं आणि थोडं ओझं आलेल्यांच्या खांद्यावर बसलं. युनियनच्या कार्यकारिणीने करार भरघोस मतांनी संमत केला. मग तो सभासदांपुढे मतदानाला गेला.

२० जानेवारी २००६ला निकाल लागला. कराराच्या बाजूने ११,२२७ मतं, विरोधात ११,२३४. सात मतांनी करार फेटाळला गेला.

या सात मतांना पुष्कळांनी स्वार्थी ठरवलं. न आलेल्यांसाठी तीन दिवस थंडीत उभं राहायचं आणि दीड टक्का मागितला की नाही म्हणायचं, असा तो आक्षेप. तो अर्धवट आहे. आज आपण दीड टक्का मान्य केला, तर तो उद्या येणाऱ्यालाही लागू होणार, आणि एकदा उघडलेलं दार पुन्हा बंद होत नाही, असं विरोध करणारे सांगत होते. दोन्ही बाजू न आलेल्या कामगाराचंच नाव घेत होत्या. एक म्हणत होती, त्याला सहा टक्क्यांतून सोडवलं. दुसरी म्हणत होती, त्याला दीड टक्क्यात अडकवलं. आणि तो स्वतः मत द्यायला नव्हता.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, थॉमस जेफरसन, यांना या अडचणीने छळलं होतं. सप्टेंबर १७८९मध्ये आपले सहकारी जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मृत्युदराचे तक्ते मांडून हिशेब केला, की एका पिढीने घातलेलं बंधन एकोणीस वर्षांपलीकडे टिकू नये. मॅडिसन यांना तो पटला नाही. मागच्यांनी केलेल्या सुधारणांचा लाभ पुढच्यांना मिळतो, मग त्यांचं देणंही त्यांच्याकडे जाणारच, असं त्यांचं म्हणणं. कामगारांचे करार या वादातून वाट काढतात ती मुदत घालून. तीन वर्षांनी पुन्हा बसायचं, पुन्हा विचारायचं. तोवर जो भरती झाला, त्याला तेव्हा मत असेल. ही व्यवस्था पूर्ण न्याय्य नाही, पण माणसाला आजवर सुचलेल्या प्रामाणिक व्यवस्थांपैकी ती एक आहे.

तिची किंमत मुंबईच्या गिरणगावाला नीट कळते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे गेले. पण १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली ‘प्रातिनिधिक युनियन’ होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. मालकांशी सही करायचा अधिकार तिचाच, आणि तिची सही साऱ्यांना बांधणारी. कामगार कोणामागे आहे, हे लालबाग-परळच्या रस्त्यांवर दिसत होतं. कायद्याच्या कागदावर ते मोजायची सोय नव्हती. त्या अडीच लाखांना करारावरची मतपत्रिका हातात धरून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता आलं असतं, तर गिरण्या वाचल्या असत्या असं म्हणता येत नाही. पण आपल्या नावाने कोण बोललं, हे तरी त्यांनी ठरवलं असतं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. विचारलंच गेलं नाही, तर थांबायचं कोणी ठरवायचं?

न्यूयॉर्कमध्ये विचारलं गेलं, आणि त्यातून वेगळाच पेच उभा राहिला. एप्रिल २००६मध्ये तोच करार पुन्हा मतदानाला ठेवला गेला आणि या वेळी सुमारे ७१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. जानेवारीत नाही म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं मन वळलं होतं, दंडाचे आकडेही दिसू लागले होते. पण एमटीएने सांगितलं, तुम्ही एकदा नाकारलंत, तो प्रस्ताव आता संपला. प्रकरण लवादाकडे गेलं. डिसेंबर २००६मध्ये लवादाने जवळपास त्याच अटी निवाड्यात घालून दिल्या. अटी त्याच राहिल्या, फक्त त्या आता तिसऱ्याने ठरवल्या होत्या. बावीस हजारांहून अधिक मतं मोजूनही शेवटची सही त्यांची उरली नाही. नकाराची मुभा होती, पण नकारानंतर पुन्हा टेबलावर यायचं की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर होतं.

संपाबद्दल टूसाँ यांना त्या एप्रिलमध्ये दहा दिवसांची कैद सुनावली गेली. पगारातून युनियनची वर्गणी आपोआप कापून देण्याची सोयही न्यायालयाने काढून घेतली आणि २००७मध्ये पदाधिकाऱ्यांना एकेका कामगाराकडे वर्गणी मागत फिरावं लागलं. अनेकांनी दिली नाही, तिजोरी आटली. नोव्हेंबर २००८मध्ये ही सोय परत मिळाली ती युनियनने आपण संपाच्या हक्काचा दावा करत नाही, असं न्यायालयाला लिहून दिल्यावर. ते लिहून देताना सभासदांचं मतदान झालं असतं, तर २००५ नंतर भरती झालेल्या कामगारांनाही त्यात मत असतं. ज्यांच्या निवृत्तिवेतनासाठी बाकीच्यांनी कायदा मोडला होता, त्यांना तेव्हा पहिल्यांदा स्वतः सांगता आलं असतं, की तो हक्क आपल्याला हवा आहे की नको.