छपराला पटसंख्या विचारू नका

28 ऑगस्ट 2017 रोजी नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन मुले दगावली. 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदीच्या शाळेत सात मुले गेली. दोन्ही वेळा पावसाळा होता, दोन्ही वेळा मुले शाळेत होती. अशा घटनेनंतर चौकशी होते, इमारतींच्या तपासणीचे आदेश निघतात. पण छत एका पावसात पडत नाही. स्लॅबच्या भेगेतून पाणी सळईपर्यंत झिरपते, सळई गंजते, गंज फुगून काँक्रीटला आतून फोडतो. पोपडे निघू लागतात तोवर काही पावसाळे उलटलेले असतात. भेग दिसली तेव्हाच हाताशी पैसे असते, तर गवंड्याच्या चार दिवसांच्या कामात भागले असते.

ते हाताशी का नसतात? समग्र शिक्षा योजनेत शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात वीजबिल, खडू, शैक्षणिक साहित्य आणि दुरुस्तीही. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवस्तीवरची शाळा घ्या. पाऊस तिच्यावर सर्वांत जास्त, पट सर्वांत कमी, म्हणून पैसाही सर्वांत कमी. कौले दरवर्षी परतावी लागतात. वर्गात बारा मुले आहेत की साठ, याने मजुरी बदलत नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजनाकडे प्रस्ताव, मग अंदाजपत्रक, मान्यता, निविदा. तोवर जून उजाडतो.

ज्या शाळा उद्या ओस पडतील त्यांच्यावर खर्च कशाला, असे विचारले जाते. हा प्रश्न मला क्रूर वाटतो. शिक्षणहक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत प्रत्येक शाळेला देऊ केली आहे. त्यात किमान पटाची अट नाही. शिवाय गळक्या वर्गातून पालक मूल काढून नेतात, पट घटतो, अनुदान आणखी आटते. शाळा ओस पडण्यात या हिशेबाचाही हात आहे.

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यातल्या पहिल्या शाळेला 51 लाखांचे बक्षीस ठेवले गेले. शिक्षकांनी त्यासाठी जीव ओतला, त्यांचे कौतुकच आहे. पण सुरक्षित छत ही स्पर्धेत जिंकायची गोष्ट नव्हे. लोकवर्गणीचेही तसेच: सधन गावाची शाळा उजळते, ऊसतोडीला जाणाऱ्या गावाने वर्गणी कुठून आणायची?

देखभालीचा निधी इमारतीवर ठरवावा. तिचे क्षेत्रफळ, वय आणि तिथला पाऊस पाहून रक्कम काढावी, ती दुसऱ्या कशाला वापरता येऊ नये, आणि एप्रिलच्या सुरुवातीला शाळेच्या खात्यात पडावी, म्हणजे उन्हाळी सुटीत काम उरकेल. नव्या वर्गखोल्यांच्या भूमिपूजनाला पैसा मिळतो. जुन्या खोल्या सांभाळणे त्याहून स्वस्त असूनही मागे राहते, कारण दुरुस्तीचे उद्घाटन कुणी करत नाही.

कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणे हे तिचेच काम आहे. पालकांनो, यंदाच्या आराखड्यात छताची स्थिती आणि दुरुस्तीची रक्कम सर्वांत आधी लिहा, ग्रामसभेत त्याचा ठराव करून घ्या आणि त्याची प्रत आमदारांच्या हाती द्या.