मर्यादेची ओढ

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गाच्या जवळ, अणदूर हे गाव आहे. येथील खंडोबाचे ठाणे साऱ्या परिसरात प्रसिद्ध आहे. या देवस्थानाचे वैशिष्ट्य असे की मूर्ती एकच आणि मंदिरे दोन. वर्षातील सुमारे दहा महिने देवाचा मुक्काम अणदुरास असतो आणि उरलेला काळ नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. देव एका गावाहून दुसऱ्या गावी निघतो त्या दिवशी निरोप देणाऱ्यांची मोठी दाटी होते. इतर धर्मीयांच्या श्रद्धेकडे आदराने पाहावे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आम्हांस शिकवले. त्या आदराने एका वर्षी आम्हीही गर्दीच्या कडेला उभे होतो.

शेकडो हात उंचावलेले होते आणि बहुतेक हातांत मोबाइल होते. आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ मात्र जुना, धातूचा, रीळ घालायचा कॅमेरा छातीशी धरून उभे होते. पालखी समोरून गेली, लोकांनी भंडारा उधळला, तरी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. पालखी पुढे सरकल्यावर मागे राहिलेली एक म्हातारी रस्त्यावरचा भंडारा बोटाने टिपून कपाळी लावू लागली. तेवढ्यात त्यांनी कॅमेरा उचलला, एकदाच खटका दाबला आणि पुन्हा खाली घेतला.

चौकशी केली तेव्हा कळले की लग्ने, शाळेचे गट आणि पासपोर्टचे फोटो यांवर त्यांनी आयुष्यभर प्रपंच चालवला. डिजिटल कॅमेरा घेऊनही त्यांना वीसएक वर्षे झाली. आता दुकान मुलगा पाहतो. पण या दिवशी ते आपला निकॉन एफएम-२ बाहेर काढतात आणि छत्तीस चित्रांचे एकच रीळ भरतात. आम्ही म्हणालो, "काका, आता हा खटाटोप कशासाठी?" ते म्हणाले, "फादर, त्या कॅमेऱ्यात फोटो आधी निघतो अन् मग मी बघतो. ह्याच्यात आधी बघावं लागतंय."

त्यांचे हे उत्तर आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिले. हाती अमर्याद साधन असताना माणूस मर्यादित साधनाची निवड का करतो? आणि ही निवड केवळ हौस आहे की तिला काही नैतिक अर्थ आहे? प्रश्न कॅमेऱ्याचा दिसतो, पण तो तुम्हांआम्हां सर्वांचा आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की अशी ओढ बाळगणारे हे काका एकटे नाहीत. निकॉन कंपनीने व्यावसायिकांसाठी एफ-६ हा रिळाचा कॅमेरा २००४ साली, म्हणजे डिजिटलचा विजय जवळजवळ निश्चित झालेला असताना, बाजारात आणला आणि तो २०२० पर्यंत विक्रीत ठेवला. जर्मनीच्या लायका कंपनीचा एम-६ हा कॅमेरा १९८४ साली आला आणि २००२ साली बंद झाला. वीस वर्षांनी, २०२२ साली, कंपनीने तो पुन्हा बनवायला घेतला. हे कॅमेरे घेणाऱ्यांना डिजिटलची माहिती नव्हती असे कोण म्हणेल? उलट, ज्यांनी दोन्ही साधने वापरली त्यांच्यापैकीच अनेकांना जुन्याची ओढ आहे.

याची काही कारणे तांत्रिक आहेत. फिल्म अती उजेडातही तपशील एकदम गमावत नाही. बारा चित्रांच्या मोठ्या रिळावरील सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्हमध्ये बारकावे विपुल उतरतात. एफएम-२ सारख्या यांत्रिक कॅमेऱ्याचा पडदा बॅटरीवाचूनही उघडतो आणि मिटतो, बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजण्यासाठी. पण एवढ्यासाठी कोणी आजच्या भावाने रीळ विकत घेऊन ते धुऊन आणण्याचा खर्च सोसणार नाही. एका रिळाची किंमत आणि धुलाई मिळून मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी होते. तेव्हा खरे कारण काकांच्या उत्तरातच शोधले पाहिजे. रीळ माणसाला निवड करण्यास भाग पाडते.

कोडॅक कंपनीची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ साली आली आणि २००९ साली तिचे उत्पादन थांबले. शेवटचे रीळ कंपनीने स्टीव्ह मॅक्करी या नामवंत छायाचित्रकाराच्या स्वाधीन केले. २०१० साली ती छत्तीस चित्रे काढण्यासाठी ते न्यू यॉर्कहून मुंबईस आले, राजस्थानातील रबारी लोकांकडे गेले, पुढे तुर्कस्तानात गेले आणि अमेरिकेतील पार्सन्स या लहानशा गावी, जेथे ही फिल्म धुणारी अखेरची प्रयोगशाळा होती, तेथे त्यांनी रीळ संपवले. आपल्यापैकी पुष्कळजण एका लग्नाच्या पंगतीत यापेक्षा अधिक चित्रे काढतात. छत्तीसच्या हिशेबाने जगावयाचे झाले म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते की समोरचे दृश्य या छत्तीसांपैकी एका जागेच्या योग्यतेचे आहे काय? हा प्रश्न विचारणे म्हणजेच पाहणे.

पण नीतीचा संबंध केवळ दृश्याशी नसतो, समोरच्या माणसाशीही असतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) या भारतातील आद्य स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हाती अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा असे आणि फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की निकामी होई. स्वातंत्र्याच्या उदयकाळातील किती तरी थोरांची चित्रे त्यांनी अशा साधनांनी टिपली. १९७० साली त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या पिढीतील छायाचित्रकारांच्या वागण्यातून सभ्यता हरपल्याची खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. ज्याला एकदाच खटका दाबावयाचा आहे तो समोरच्या व्यक्तीच्या क्षणाची वाट पाहतो. ज्याला कितीही वेळा दाबावयाचा आहे त्याला वाट पाहण्याची गरज उरत नाही, आणि वाट पाहणे हे आदराचेच एक रूप आहे.

येथवर आलेला वाचक म्हणेल की तर मग मर्यादा हाच सद्गुण. आम्हीही तसे म्हटले असते, परंतु स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हांस तसे म्हणू देत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो आणि मदतीच्या एका तुकडीबरोबर उमरगा तालुक्यातील एका गावी पोहोचलो. आमच्या गळ्यात कोणाचा तरी मागून आणलेला कॅमेरा होता आणि त्यात छत्तीस चित्रांचे एकच रीळ होते. पडलेल्या भिंती, चिरडलेल्या बैलगाड्या, वाकलेली दारे असे जे दिसेल ते आम्ही टिपत गेलो. शेवटची दोन चित्रे आम्ही मदतीच्या ट्रकपुढे आमच्याच तुकडीला उभे करून काढली. दुपारी ढिगाऱ्यातून सात-आठ वर्षांच्या एका मुलीचा देह बाहेर काढण्यात आला. तिची आई आमच्याकडे आली. गळ्यातील कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "दादा, हिचा एक फोटो काढून ठेवा. घरात हिचा एक बी फोटो न्हाई." आमच्या कॅमेऱ्यात रीळ उरले नव्हते.

तिला आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. ती परत वळली तेवढे आठवते.

या आठवणीने आम्हांस दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही की मर्यादा आपोआप कोणालाही शहाणे करीत नाही. आमच्याजवळ मर्यादा होती, विवेक नव्हता. छत्तीसांपैकी दोन घरे आम्ही स्वतःच्या कौतुकावर खर्च केली, आणि रीळ संपल्यावरच आमचे लक्ष कोठे होते ते आम्हांला कळले. दुसरी गोष्ट अशी की त्या मातेवर जी मर्यादा होती ती तिने निवडलेली नव्हती. लेकराचा एक फोटो काढून घेण्याइतकेही पैसे किंवा सवड तिला मिळाली नव्हती. आज तिच्या जागी असलेल्या गरीब आईच्या मोबाइलमध्ये लेकराची शंभर चित्रे असतील. त्या शंभर चित्रांना उथळ म्हणून नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. नव्या साधनाने गरिबाला आपल्या माणसाचा चेहरा जपण्याचे सामर्थ्य दिले, हे मोठे पुण्यकर्म आहे.

तेव्हा लादलेली मर्यादा आणि स्वीकारलेली मर्यादा यांत भेद केला पाहिजे. ख्रिस्तसभेला हा भेद जुना परिचयाचा आहे. दारिद्र्य हे दूर करावयाचे दुःख आहे, असे ती एका बाजूने सांगते आणि दुसऱ्या बाजूने व्रतस्थ बंधुभगिनी दारिद्र्याचे व्रत आनंदाने घेतात. ज्याच्या घरी दाणा नाही त्याची ती उपासमार, आणि ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याने प्रायश्चित्तकाळात हात आखडला तर तो उपवास. पोट दोघांचेही रिकामेच असते, पण दुसऱ्याने आपले स्वातंत्र्य वापरलेले असते. डिजिटल कॅमेरा घरी असताना रिळाचा कॅमेरा उचलणारा अनुभवी छायाचित्रकार हा एका अर्थाने उपवासच करीत असतो. तो नवशिका नाही म्हणूनच त्याला हे जमते. तरुणपणी त्याच्यावर मर्यादा लादलेली होती. तिच्यातून तो पाहावयास शिकला. आता ती उठली आहे आणि तो ती आपण होऊन पुन्हा स्वीकारतो, कारण तिच्यावाचून आपली नजर सैल होत असल्याचे त्याच्या ध्यानी आले आहे. जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर (१९०४-१९९७) यांनीही म्हटले आहे की पाहण्याजोगे फार झाले म्हणजे माणसाची पाहण्याची शक्ती क्षीण होते, आणि त्यावर त्यांनी डोळ्यांच्या उपवासाचाच उपाय सुचवला आहे.

मात्र उपवास हे साधन आहे, साध्य नव्हे. रघू राय हे फिल्मवर घडलेले थोर छायाचित्रकार. भोपाळच्या वायुकांडाची आणि मदर तेरेसांची त्यांची चित्रे साऱ्या जगाने पाहिली. २००३ साली मुंबईत एका कामगिरीवर असताना त्यांनी डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि त्यानंतर ते फिल्मकडे परतले नाहीत. त्यामुळे त्यांची नजर उणावली असे कोणी म्हणणार नाही. ब्राझीलचे सेबास्तियाव साल्गादो (१९४४-२०२५) यांनी मुंबईच्या चर्चगेट स्थानकावरील माणसांच्या लोंढ्याचे चित्र १९९५ साली फिल्मवर टिपले. पुढे २००८ च्या सुमारास विमानतळांवरील क्ष-किरण तपासणीने रिळांची हानी होऊ लागल्याने ते डिजिटलकडे वळले. पण संगणकाच्या पडद्यावर चित्रे निवडणे त्यांनी मानले नाही. पूर्वीप्रमाणे कागदावर लहान ठसे उमटवून घेऊन, भिंग लावून ते निवड करीत. साधन बदलले तरी शिस्त त्यांनी सोबत नेली. संत थॉमस अक्वायनस सद्गुणाला अंगी मुरलेली वृत्ती मानतात, ती अशी. आणि विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी म्हणण्याची आपली परंपरा आहे. ज्याच्यापाशी सारथी आहे तो कोणत्याही रथात बसो, वाट चुकत नाही. आमच्यासारखा कच्चा शिकाऊ मात्र छत्तीस घोड्यांच्या रथातही वाट चुकतो.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. उपवासाचे प्रदर्शन मांडणाऱ्यांना प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात इशारा दिला आहे. जुने मौल्यवान कॅमेरे गळ्यात मिरवून मोबाइलवाल्यांना तुच्छ लेखणारे हौशी लोक आजकाल शहरांत दिसतात. त्यांचा तो उपवास नव्हे, ती श्रीमंतीचीच एक तऱ्हा आहे. अणदूरच्या काकांनी आपल्या कॅमेऱ्याचा उच्चारही आम्ही विचारीपर्यंत केला नव्हता, आणि मुलाच्या डिजिटल कामाविषयी ते कौतुकानेच बोलत होते.

निरोप घेताना आम्ही त्यांना विचारले, म्हातारीचा तो फोटो कसा आला असेल? ते हसून म्हणाले, "धुतल्यावर कळंल." खटका दाबला त्या क्षणी प्रकाशाने फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर आपले काम केलेले असते. चित्र तेथे असते, फक्त दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत रसायनाचा स्पर्श होईपर्यंत ते गुप्त राहते. देवाची कृपाही पुष्कळदा अशीच काम करते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

तेव्हापासून आम्ही एक लहानशी प्रथा पाळतो. बाप्तिस्म्याच्या वेळी पाणी ओतण्यापूर्वी आईबापांना सांगतो की फोटो एकाने काढावा, बाकीच्यांनी बाळाकडे पाहावे. बहुतेकजण ऐकतात. विधी संपल्यावर ज्या कुटुंबाकडे कोणाचाच मोबाइल नसेल त्यांच्या बाळाचा फोटो आम्ही स्वतःच्या मोबाइलवर काढतो आणि शहरातून कागदावर उतरवून आणून त्यांच्या हाती देतो. त्या कामी आम्ही चित्रांची संख्या मोजत नाही.