बसल्या माणसाची नजर

घराच्या अंतर्रचनेबद्दल सध्या पुष्कळ लिहिले-बोलले जाते आणि त्यातला बहुतेक वाद सजावट किती असावी, या एकाच प्रश्नाभोवती घुटमळतो. भिंती मोकळ्या ठेवा, रंग फिके ठेवा, वस्तू कमी करा, असे एक पक्ष सांगतो. दुसऱ्याला पितळी समया, कोरीव खांब आणि पैठणीच्या काठांचे पडदे हवे असतात. दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य केलेली असते. खोलीचे नियोजन हे वेगळे काम, ते आधी उरकायचे. सजावट हा त्यावर नंतर चढवायचा थर, जाड की पातळ एवढेच ठरवायचे. माझा आक्षेप या गृहीतावर आहे.

तापीच्या काठी बऱ्हाणपूर आणि पलतीरी जैनाबाद. जून १६३१मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले आणि डिसेंबरात पार्थिव आग्र्याकडे निघाले. पर्यटकाला एवढीच कथा ऐकवतात. जैनाबादच्या आहूखान्यातील बारादरीकडे, आज तिची पडझड झाली असली तरी, घर सजवणाऱ्याने वेगळ्या डोळ्यांनी पाहायला हवे. बारादरीला चारी बाजूंनी कमानी असतात, कोंडणाऱ्या भिंती नसतात. तिची खोली व्हायची ती गालिचा, लोड-तक्के आणि पडद्यांमुळे. गालिचा कुठे अंथरला यावरून कोण कुठे बसणार हे ठरे. कोणत्या कमानीचा पडदा सोडला यावरून ऊन कुठे अडणार आणि वारा कुठून येणार हे ठरे. यात नियोजन कुठे संपले आणि सजावट कुठे सुरू झाली?

नदीच्या अलीकडे, शाही किल्ल्यातील हमामखान्यात हेच अधिक स्पष्ट दिसते. तिथली नक्षी रंगवली आहे छतावर. फुले, वेली, भौमितिक आकृत्या. काही रंग आजही टिकून आहेत. दारातून आत येणाऱ्या माणसाला छत पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. पण हमाम हे घाईने अंघोळ उरकण्याचे ठिकाण नव्हे. ऊन पाण्यात अंग सैल सोडून बराच वेळ पडून राहणाऱ्याची नजर आपोआप वर जाते. शरीर जिथे विसावणार, तिथून दिसणाऱ्या पृष्ठभागावर चित्रकाराने मेहनत केली. नक्षीची जागा नहाणाऱ्याच्या देहस्थितीने ठरवली.

म्हणून सजावट साधी की भरगच्च हा भेद मला दुय्यम वाटतो. महत्त्वाचा भेद आहे तो उभ्या माणसासाठी रचलेली खोली आणि बसल्या माणसासाठी रचलेली खोली यांतला. उभा माणूस बहुधा पाहुणा असतो. बसलेला, आडवा झालेला माणूस तिथे राहतो.

आजची खोली उभ्या नजरेसाठी काढली जाते. ग्राहकाला दाखवायच्या थ्रीडी चित्रात डोळा साधारण पाच फुटांवर, दाराच्या बाजूला असतो. घरमालक मंजुरी देतो ती त्या चित्राला. मग खिडकीचा कट्टा तीन फुटांवर येतो. भारतीय बैठकीवर मांडी घातलेल्या माणसाचा डोळा जेमतेम अडीच फुटांवर, म्हणजे त्याला कट्ट्याखालची भिंत आणि आभाळाचा एक तुकडा. बाल्कनीचा कठडा भरीव, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या आजींना रस्ता दिसत नाही. शयनगृहातल्या फॉल्स सीलिंगचे दिवे चित्रात झकास दिसतात, पण पलंगावर पडलेल्या आजाऱ्याच्या ते थेट डोळ्यांत शिरतात. मोकळी भिंत आणि फिका रंग असलेल्या घरांतही हे सारे दोष तसेच असतात.

मोकळ्या भिंतीचा आग्रह धरणारे आपले पूर्वज म्हणून अडॉल्फ लोसचे नाव घेतात. १९१०च्या सुमारास व्हिएन्नात त्याने अलंकरणाला गुन्हा ठरवले. पण त्याचेच १९३०मध्ये प्राग शहरात पूर्ण झालेले म्युलर घर पाहा. दिवाणखान्यात ठळक शिरांचा हिरवा संगमरवर आहे. त्या शिरा कोणत्याही नक्षीइतक्याच बोलक्या आहेत. गृहिणीच्या खोलीत उंचावर बैठक आहे आणि तिथे बसले की आतल्या खिडकीतून खालचा दिवाणखाना दिसतो. लोसने आसन आधी ठरवले आणि नजर तिथून नेली. त्याच्या अनुयायांनी नक्षीवरची बंदी तेवढी उचलली आणि आसन विसरले. त्यांच्या घरात काढून टाकण्याची शिस्त आहे. कोण कुठे बसणार याचा विचार नाही. भिंतीवरची एक तसबीर काढली म्हणून बसणाऱ्याचे सुख वाढत नाही. ती तसबीर बसल्या डोळ्यासमोर येईल इतकी खाली आणली, तर कदाचित वाढेल. नक्षी नसणे हीसुद्धा एक सजावटच आहे, आणि तीही बहुतेकदा दारातल्या माणसासाठीच केलेली असते.

वास्तुशास्त्रवाले दिशा सांगतात, पण माणूस कोणत्या उंचीवर विसावतो हे सांगत नाहीत. वाड्यांच्या गतवैभवावर गहिवरणारे कोनाडे आणि कडीपाट आणतात, पण त्या कोनाड्याचे माप जमिनीवर बसणाऱ्याच्या हाताशी जुळवलेले होते, हे सोडून देतात.

आता आपण सोफ्यावर बसतो, जमिनीवर कोण बसते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण त्याने बदलते ते फक्त माप. सोफ्यावरचा डोळा साडेतीन-पावणेचार फुटांवर येतो. उभ्या माणसाच्या डोळ्यापेक्षा तो तरीही बराच खाली असतो. शिवाय रांगणारे मूल, अंथरुणाला खिळलेले वडील, खाली बसून भाजी निवडणारी आई ही माणसे आजही प्रत्येक घरात आहेत. पाहुण्याचाही घरावर हक्क असतो, हे मान्य. प्रवेशाची जागा, पॅसेज, जिना उभ्या नजरेसाठी जरूर सजवावेत. तिथे कुणी बसत नाही. मात्र बैठकीची आणि निजायची खोली दारातून पाहून ठरवणे मला राहणाऱ्यावरचा अन्याय वाटतो.

त्यावर उपाय खर्चिक नाही. रंग आणि सनमायकाचे नमुने समोर येण्यापूर्वी डिझायनरने घरातल्या प्रत्येकाला विचारावे, की तुम्ही दिवसाचा सर्वांत जास्त वेळ कुठे आणि कसे बसता. प्रत्येक उत्तराचा एक बिंदू खोलीच्या उभ्या छेदावर, डोळ्याच्या उंचीवर मांडावा. खिडकीचा कट्टा, दिव्याची जागा, पडद्याची लांबी, चित्राची उंची त्या बिंदूंवरूनच ठरावी. आणि घरमालकाने थ्रीडी चित्र मंजूर करण्याआधी तेच चित्र आपल्या आसनावरून काढून मागावे. ते चित्र देता येत नसेल, तर खोलीचे नियोजन अजून झालेलेच नाही असे समजावे.