बाण सुटतो, हात सुटत नाही



मागच्या गुरुवारी सत्संग आटोपल्यावर एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंचं पितळी पातेलं आहे. बुडाला चीर गेली, वापरात नाही. पण मोडीत घालवत नाही. ही आसक्तीच म्हणायची का?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या घरी कपाटावर एक प्लास्टिकचा पाइप ठेवलेला आहे. त्यात ॲल्युमिनियमचे अकरा बाण आहेत. त्या बाणांपायी माझ्या हातून एक चूक झाली. ताईंना त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, ते आज लिहून देतो.

*जीव कसा जडला*

नव्वदच्या दशकात मी नागपूरला होतो, तिथं तिरंदाजी शिकलो. आधी बरेच दिवस बांबूचं धनुष्य. मग आमच्या सरांनी बारा बाणांचा संच हातात दिला. चकचकीत नळ्या, प्रत्येकीवर चार आकडे छापलेले: 1816. सर म्हणाले, "हे आकडे वाचायला शिक." पहिले दोन आकडे म्हणजे नळीची रुंदी. एका इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 18, म्हणजे साधारण 7 मिलिमीटर. पुढचे दोन आकडे म्हणजे नळीच्या पत्र्याची जाडी. इंचाच्या हजार भागांतले 16, म्हणजे 0.4 मिलिमीटर. नखापेक्षा जाड नसलेला पत्रा, आणि त्याच्यावर आमचा सगळा भरवसा.

ॲल्युमिनियमचा बाण वाकतो. टार्गेट चुकून लाकडी स्टँडला लागला की वाकलाच. मग संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसायचं, दोन नखांवर बाण ठेवून गर्रकन फिरवायचा. सरळ असेल तर गुळगुळीत फिरतो, वाकलेला असेल तर थरथरतो. थरथरला की एक डोळा मिटून नळीवरून नजर टाकायची, बाक कुठं आहे ते शोधायचं आणि हलक्या हातानं सरळ करायचं. जोर जास्त झाला तर दुसरीकडं वाकायचा. त्या बाणात चूक लपत नव्हती, पण चुकीला माफी होती. माझ्यासारख्या तापट माणसाला धीर धरायला त्या बाणांनीच शिकवलं.

आणि तो आवाज! भात्यात बाण एकमेकांवर आपटले की होणारा किणकिणाट. तो नुसता आठवला तरी मला तेव्हाची सकाळ दिसते.

मग कार्बनचे बाण आले. बारीक, हलके, वाऱ्याला कमी दाद देणारे. ॲल्युमिनियमचे बाण अगदीच संपले असं नाही. शिकाऊ मुलांसाठी ते आजही बनतात. 18 मीटरच्या इनडोअर स्पर्धेतही चालतात, कारण तिथं रेषेला बाण नुसता टेकला तरी वरचा गुण मिळतो आणि जाड बाण रेषेला लवकर टेकतो. पण जुन्या जाती आणि जुनी मापं एकेक करून बंद होत गेली. माझा बारावा बाण हरवला तेव्हा जोडीचा शाफ्ट मी बऱ्याच ठिकाणी शोधला. सगळीकडं एकच उत्तर: "काका, तो आता येत नाही." माझ्या वयाचे तिरंदाज भेटले की आम्ही अजूनही तासभर याच गोष्टी बोलतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, कुणाच्या तरी तेराव्याला बसलेत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आठवण काढण्यात पाप नाही.

*चूक कुठं झाली*

आदिलाबादला परत आल्यावर मी सुटीच्या दिवशी मुलांना शिकवायला लागलो. आपल्या या जंगलपट्ट्यात धनुष्यबाण हा मुळात खेळ नव्हताच. गोंड-कोलामांच्या घरात तो शिकारीसाठी, राखणीसाठी असायचा. 1940 साली जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. जल, जंगल, जमीन हे त्यांचे तीन शब्द इथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. अशा मातीतला एक मुलगा माझ्याकडं यायचा. उटनूरकडच्या एका गुड्यातला, सोळा वर्षांचा. अबोल. पण दोरी ओढून थांबला की श्वाससुद्धा दिसायचा नाही.

त्याच्याकडं स्वतःचे बाण नव्हते. मी त्याला माझे दिले. मोठ्या मनानं दिले असं तेव्हा मला वाटत होतं. निवड चाचणी जवळ आली, अंतर 60 मीटर. त्याचं धनुष्य कमी ताकदीचं. जड बाण अशा धनुष्यातून सावकाश सुटतो आणि लवकर खाली येतो. तो पोचवायचा तर नेमाची साइट खाली, अजून खाली आणावी लागते. शेवटी ती इतकी खाली येते की सुटणारा बाणच तिला घासून जातो. हे मला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या एका मुलाचे वडील म्हणालेसुद्धा, "सर, आमच्याकडं कार्बनचा जुना संच पडून आहे, चाचणीपुरता वापरू द्या त्याला."

मी नको म्हणालो. वर भाषणही दिलं: "साधनावर काही नसतं, साधनेवर असतं. आम्ही याच बाणांवर घडलो."

मुलगा एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तसं."

त्याची निवड चार गुणांनी हुकली. घरी येऊन त्यानं बाण परत केले. अकराच्या अकरा पुसून, नखावर फिरवून, सरळ करून आणले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. पुढच्या वर्षी वय वाढल्यामुळं तो वरच्या गटात गेला. तिथं अंतर 70 मीटर आणि समोर मोठी, मुरलेली मुलं. त्याला कार्बनचा संच मी नंतर घेऊन दिला, तो अजूनही येतो, मन लावून खेळतो. पण ते एक वर्ष मी त्याला परत देऊ शकत नाही.

*बाण करणाऱ्याकडून काय शिकायचं*

माहूरला आपण दत्तशिखरावर जातो. अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा आपल्याला पाठ आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती येते, आणि नाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतातून ती आपल्या घराघरांत पोचली. त्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गुंतला होता की जवळून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नव्हता.

ही कथा मी सत्संगात कितीदा तरी सांगितली असेल. सांगताना मनातल्या मनात तो कारागीर म्हणजे मीच, मैदानाच्या कडेला बसून नळी सरळ करणारा! पण त्या मुलाची निवड हुकल्यावर पुन्हा नववा अध्याय उघडला, तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. अवधूतांनी त्या कारागिराकडून बाण घेतला नाही. एकाग्रता घेतली. बाण कशाचा होता याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. गुरू केला त्या माणसाच्या अवधानाला, आणि ते अवधान घेऊन अवधूत पुढं चालू लागले. बाण तिथंच राहिला.

मी उलटं केलं. बाण कवटाळून बसलो आणि अवधान सोडलं. समोरच्या मुलाचा बाण पोचत नाही हे मला दिसलं नाही, कारण मी त्या मुलाकडं पाहतच नव्हतो. मी तीस वर्षांपूर्वीच्या स्वतःकडं पाहत होतो. मला बाणांची ओढ नव्हती हो. त्या बाणांबरोबरचं माझं तरुणपण मला परत हवं होतं, आणि त्याची किंमत एका पोरानं मोजली.

इथं एकलव्य आठवल्याशिवाय राहत नाही. आपण नेहमी त्याच्या गुरुभक्तीचं कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पण मला आता त्या गोष्टीची दुसरी बाजू जास्त टोचते. शिष्य नाही म्हणत नाही. म्हणूनच मागणाऱ्यानं शंभरदा विचार करून मागावं. "सर, तुम्ही म्हणता तसं" हे वाक्य ऐकलं की मान ताठ होते. खरं तर ते ऐकून मान खाली जायला हवी, कारण त्या क्षणी समोरच्याचं भलं-बुरं आपल्या हातात आलेलं असतं.

*मग जुनं सगळं टाकून द्यायचं?*

नाही. हा अर्थ काढू नका.

थोडा इतिहास बघू. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डग ईस्टन यांनी 1922 साली बाण करायला घेतले, ते लाकडाचे. लाकूड कितीही निवडून घेतलं तरी दोन बाण तंतोतंत सारखे होत नाहीत, ही त्यांची अडचण. म्हणून 1939 साली त्यांनी ॲल्युमिनियमचे बाण केले. म्हणजे ज्याला मी "खरा, जुना बाण" म्हणून छातीशी धरतो, तोच एके काळी नवा, उपरा होता. लाकडावर हात बसलेल्या कुणा म्हाताऱ्या तिरंदाजानं तेव्हा नाक मुरडलंच असेल. आपला "जुना काळ" हा कुणाच्या तरी डोळ्यांपुढं नवा म्हणूनच आलेला असतो.

आपल्याकडचंच बघा. उदयपूरकडचे लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यानं शिकार करायचे. 1987 साली सरकारी निवड शिबिरातून पुढं आले आणि 1988 साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये आधुनिक धनुष्य घेऊन उभे राहिले. जंगलात कमावलेली नजर नव्या साधनाबरोबर पुढं गेली. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले. ही मुलं कार्बनच्या काळातली. त्यांना आमच्या नळ्यांचा किणकिणाट ठाऊक नसेल, पण एकाग्रतेत ती कुठं कमी पडली?

आणि आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. ऑलिंपिकच्या मैदानावर गेली कित्येक वर्षं जो बाण सर्रास दिसतो, तो एक्स-टेन. पेन्सिलीपेक्षा बारीक, बाहेरून काळाभोर कार्बन. पण त्याच्या पोटात काय असतं माहीत आहे? ॲल्युमिनियमची पातळ नळी. कार्बनचे धागे त्या नळीवर चढवलेले असतात. ज्या ॲल्युमिनियमसाठी आम्ही म्हातारे उसासे टाकत होतो, ते गेलेलंच नव्हतं. दिसेनासं झालं होतं, एवढंच. आत राहून नव्याला सरळ ठेवत होतं.

मला वाटतं, जुन्या माणसांनी आणि जुन्या वस्तूंनी असंच राहावं. वरून दिसायचा हट्ट नको. आतून आधार असावा.

कार्बनचा बाण वाकत नाही, तो सरळ असतो किंवा फुटतो. बारीक तडा असलेला बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो. म्हणून त्या मुलाला मी आता रोज एक गोष्ट करायला लावतो. बाण मारण्याआधी दोन्ही हातांत धरायचा, जरा वाकवून फिरवायचा, कान देऊन ऐकायचं. कडकड आली तर बाजूला ठेवायचा. नळी सरळ करायचं काम संपलं, पण बाणाकडं लक्ष देऊन बघणं संपलं नाही. जुन्या बाणांनी मला जे दिलं, त्यातलं एवढंच पुढं देण्यासारखं होतं.

*ताईंना उत्तर*

ताई, पातेलं ठेवा. खुशाल ठेवा. त्याच्याकडं बघून सासूबाईंच्या हातची चव आठवते, डोळ्यांत पाणी येतं, ती कृतज्ञता आहे. पण उद्या सुनेनं कुकर लावला आणि तुम्ही म्हणालात, "आमच्यात याच पातेल्यात वरण होतं," तर त्या घडीला ती आसक्ती झाली. पातेलं तेच, चीर तीच. फरक एवढाच की तुमच्या आठवणीचा भार आता दुसऱ्याच्या डोक्यावर गेला. आपल्या आठवणीची किंमत आपणच मोजावी. जी नाही म्हणू शकत नाही, तिच्याकडून तर ती मुळीच वसूल करू नये.

तिरंदाजीत पहिल्या दिवशी शिकवतात: बाण फेकायचा नसतो, सोडायचा असतो. बोटं सैल झाली की तो आपोआप जातो. सुटताना बोटांनी ओढ धरली तर बाण भरकटतो. हे मी शेकडो मुलांना शिकवलं. स्वतःला शिकवायचं राहिलं होतं.

*या आठवड्याचं चिंतन:* घरातली एक जुनी वस्तू किंवा एक जुनी रीत डोळ्यांपुढं आणा. तिनं आपल्याला काय दिलं ते आठवा, मनोमन हात जोडा. मग स्वतःला विचारा, तिच्यासाठी आज घरात कोण गप्प बसतंय? उत्तर मिळालं तर त्या माणसाशी याच आठवड्यात बोला.

माझे अकरा बाण अजून कपाटावर आहेत. कधीतरी संध्याकाळी काढतो, नखावर फिरवतो, पुन्हा ठेवून देतो. ते आता कुणाला देत नाही.

🙏 जय गुरुदेव 🙏