वाद : सत्यासाठी की जयासाठी?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना भगवंतांनी वादालाही त्यांत स्थान दिले आहे. हे वाचून गृहस्थाला आश्चर्य वाटते. वाद म्हणजे तंटा, मनस्ताप, घरातील कलहाचे मूळ. त्याला विभूतिपद कसे?

या शंकेचे निरसन न्यायशास्त्र करते. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्याच्या निर्णयासाठी दोन्ही पक्ष प्रमाणांच्या आधारे बोलतात, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलणे, तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडनच करीत राहणे, ती वितंडा. श्रीमत् शंकराचार्यांनीही गीताभाष्यात याच तीन प्रकारांचा उल्लेख केला असून, अर्थनिर्णय वादाने होतो म्हणून तो श्रेष्ठ, असा खुलासा केला आहे. तात्पर्य, विभूती आहे ती सत्यशोधनाची, भांडणाची नव्हे.

परंतु हेतू शुद्ध असला तरी विचारही शुद्ध असावा लागतो. समजा, एखाद्या घरातील सोन्याची पाटली सापडत नाही आणि त्याच दिवशी गडी घाईघाईने निघून गेलेला आहे. गृहस्वामी म्हणतो, “चोरी यानेच केली, कारण हा घाईने गेला.” येथे शास्त्र विचारते, जेथे जेथे घाई तेथे तेथे चोरी, असा नियम आहे काय? जेथे धूर तेथे अग्नी, हे चुलीपाशी सर्वांनी पाहिलेले असते. म्हणून डोंगरावर धूर दिसताच तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष ठरते. घाई मात्र चोराला असते, तशी आजारी मुलाच्या बापालाही असते. जे कारण साध्य असतानाही आढळते आणि नसतानाही आढळते, त्याला सव्यभिचार हेतू म्हणतात. न्यायसूत्रांतील पाच हेत्वाभासांपैकी हा पहिला. दोष विचाराचा; परंतु अब्रू आणि उपजीविका जाते ती कदाचित एका निरपराध माणसाची. म्हणून शुद्ध विचार हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. तो अहिंसेचाच एक भाग आहे.

आता याहून सूक्ष्म गोष्ट पाहावी. त्याच दिवशी गृहस्वामीचा मुलगा घाईने बाहेर गेला असता, तर? “त्याला काही काम असेल,” हे बापाला तत्काळ सुचले असते. म्हणजे तर्काचे ज्ञान त्याला नव्हते असे नाही. ते मुलासाठी जागे होते, गड्यासाठी निजले होते. निर्णय आधी राग-द्वेषाने केला आणि कारण मागाहून शोधले. यावरून दिसते की, सत्याच्या शोधात बुद्धीइतकेच समत्वही आवश्यक आहे.

या दोषावर आपल्या आचार्यांनी पूर्वपक्षाचा उपाय योजिला. आपला सिद्धांत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण बळाने मांडावयाचे. गृहस्थालाही हे साधेल. भावाशी, सुनेशी वा शेजाऱ्याशी मतभेद झाला असता आधी त्याचे म्हणणे, त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत, आपण सांगून पाहावे. पुष्कळसे तंटे एवढ्यानेच निवळतात. उरतात ते निदान खरे मतभेद असतात.

कोणी म्हणेल, श्रद्धावंताला इतका ऊहापोह कशाला? परंतु गीतेने ज्ञानासाठी नम्रता आणि सेवा यांबरोबर प्रश्न विचारणेही सांगितले आहे. अखेरीस, सर्व उपदेश झाल्यावर, त्याचा पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्याची मोकळीक भगवंतांनी अर्जुनाला दिली. साक्षात ईश्वर जेथे विचाराला अवसर देतो, तेथे मनुष्याने तो आपल्या घरच्या माणसांना नाकारावा काय?

बोलणे संपल्यावर प्रत्येकाने अंतःकरणास एवढेच विचारावे : प्रतिपक्षाचे म्हणणे खरे ठरले असते, तर ते मला आनंदाने स्वीकारता आले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तो वाद. ‘नाही’ असेल, तर जिंकूनही तो जल्पच होय.