तबकडीत गाणं असतं का?

उज्जैनचं देवास गेट आज बसस्थानकामुळे ओळखलं जातं. तिथून शहराच्या एका टोकाला, क्षिप्रेच्या काठी गढकालिकेजवळ, भर्तृहरीची गुंफा आहे. दुसरीकडे देवासच्या रस्त्याला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर कुमार गंधर्वांचं गाव येतं. जुन्या लाखेच्या तबकड्या ऐकण्याच्या आनंदाविषयी एक जुनाच दार्शनिक प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर शोधायला ही दोन्ही ठिकाणं उपयोगी पडतात. नव्वद वर्षांपूर्वी म्हटलेलं एखादं नाट्यपद आज फोनोच्या कर्ण्यातून ऐकताना आपण नेमकं काय ऐकत असतो? गाणारा गेला, ते नाटकगृह गेलं, वन्समोअर देणारे प्रेक्षकही गेले. मग हा आनंद खरा रसास्वाद आहे, की सरलेल्या काळाला कवटाळून बसण्याचा मोह? माझ्या मते तो रसास्वादच आहे, आणि त्याचं कारण असं की तबकडीत गाणं साठवलेलं नसतंच. ते प्रत्येक वेळी नव्याने घडतं, आणि घडायला ऐकणारा लागतो.

शब्द नित्य की अनित्य, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. मीमांसक म्हणाले, शब्द नित्य आहे. उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. त्यांचा भक्कम पुरावा प्रत्यभिज्ञेचा होता: काल ऐकलेला आणि आज ऐकलेला गकार ‘तोच हा’ म्हणून आपण ओळखतो. नैयायिकांनी उत्तर दिलं की ही ओळख सारखेपणातून येते. दिव्याची ज्योत रात्रभर एकच भासते, पण क्षणाक्षणाला जुनी विझून नवी पेटत असते. ध्वनी उपजतो, पाण्यावरच्या तरंगांसारखा किंवा कदंबाच्या कळ्यांसारखा पसरतो आणि नाश पावतो. हे वाद घालणाऱ्यांपुढे वेदमंत्र होते, गाण्याची रेकॉर्ड नव्हती. पण वरकरणी पाहिलं तर फोनो मीमांसकांच्या बाजूने साक्ष देतो असं वाटेल. आवाज आधीपासून तबकडीत आहे, सुई फक्त त्याला प्रकट करते!

वस्तू जवळून पाहिली की ही साक्ष टिकत नाही. ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी. तिच्यावरच्या सर्पिल खाचेत नागमोडी वळणं आहेत, बस. त्यात स्वर नाही, शब्द नाही, श्वास नाही. स्प्रिंगला चावी दिली, सुई खाचेत टेकली, तिची थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या पडद्याला पोचली, पडद्याने हवा हलवली आणि कर्ण्याने ती हालचाल खोलीत फेकली, तेव्हा ध्वनी उपजतो. दगडाची पूड पोलादी सुईला झिजवते, सुई खाचेला झिजवते. म्हणून एकाच तबकडीची दहावी आणि शंभरावी आवृत्ती तंतोतंत एक नसते. ज्योतीचा दृष्टान्त इथे अक्षरशः लागू पडतो. ध्वनीपुरतं बोलायचं तर नैयायिक बरोबर होते, याबद्दल मला शंका नाही.

पण ‘हे बालगंधर्वांचंच पद’ असं आपण पहिल्या दोन स्वरांत म्हणतो, त्याचं काय? ते नुसतं सादृश्य म्हणून सोडून देता येत नाही, आणि इथे वाक्यपदीयकार भर्तृहरी मदतीला येतो. गुंफेशी जोडलेला दंतकथेतला विरागी राजा, शतकं लिहिणारा कवी आणि हा वैयाकरण एकच होते की नाही, यावर विद्वानांत एकमत नाही. पण उज्जैनने हे नाव आपलं मानलं आहे आणि इथे ते घ्यायला हरकत नसावी. भर्तृहरी दोन प्रकारचे ध्वनी मानतो. प्राकृत ध्वनीमुळे शब्द कळतो. वैकृत ध्वनीमुळे उच्चार द्रुत, मध्य की विलंबित हे ठरतं, पण त्या फरकाने स्फोट, म्हणजे अर्थासह उमटणारा अखंड शब्द, बदलत नाही. फोनो वाजवणाऱ्याला हा सिद्धान्त हाताने पडताळता येतो. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डचा वेग सगळीकडे एकच नव्हता. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० वर फिरवली की सूर जवळजवळ पाव स्वराने चढतो आणि आवाज किंचित पातळ होतो. चावी संपत आली की तोच सूर खाली घसरतो. षड्ज हलला तरी बाकीचे स्वर त्याच प्रमाणात हलतात, म्हणून भैरवी भैरवीच राहते आणि पद तेच राहतं. ते ‘तेच’पण लाखेत नाही आणि हवेतही नाही. ते ऐकणाऱ्याच्या जाणिवेत एकदम, अखंड उमटतं.

देवासचा पुरावा याहून मोठा आहे. १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पुढचे कुमार गंधर्व, लहानपणी नामवंत गवयांच्या रेकॉर्ड ऐकून त्या हुबेहूब गात असे. त्या विलक्षण नकलेनेच तो प्रथम गाजला. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिक्षण झालं, क्षयाने गाठलं, आणि १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आल्यावर गाणं काही वर्षं बंदच झालं. त्या सक्तीच्या मौनात त्यांच्या कानावर माळव्यातली लोकगीतं पडली, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं पडली. बरं झाल्यावर कुमार गायले ती कुणाची नक्कल नव्हती. त्याच कुमारांनी पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. त्या गायनात मूळ ध्वनीचा एक कणही नाही. आवाजाची जात वेगळी, लगाव वेगळा. तरी जाणकार श्रोत्याला बालगंधर्वांचं पद तिथे भेटतं. लहानपणी त्यांनी तबकड्यांतून ध्वनी उचलला होता, प्रौढपणी गाणं उचललं. ‘उमजलेले’ हा शब्द या साऱ्या चर्चेत मला सर्वांत नेमका वाटतो.

यावर मैफलीचे पुरस्कर्ते म्हणतील की गाणं समोरासमोरच व्हायला हवं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात कसला राग आणि कसला विस्तार! आक्षेप वजनदार आहे. अल्लादियाखाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर उरलेला नाही, आणि तरी त्यांचं गाणं शिष्यांच्या गळ्यातून टिकलं. हे मी मान्य करतो. माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळतं. शिष्याचा गळा आणि लाखेची खाच, दोन्हीकडून पोचते ती नव्याने घडण्याची शक्यता. फरक एवढाच की गळा विस्तार करू शकतो, खाच करू शकत नाही. मात्र नाट्यपदासारखा किंवा भावगीतासारखा लोकप्रिय प्रकार तीन मिनिटांत बसवताना गायकांनी जो नेटकेपणा साधला, तोही एक घाट आहे, निव्वळ काटछाट नव्हे.

दुसरा आक्षेप वैराग्याचा आहे, आणि तो भर्तृहरीच्या गुंफेजवळ उभं राहून टाळता येणार नाही. गेलेल्याला धरून ठेवणं हीच आसक्ती, आणि जुन्या रेकॉर्डी जमवणं तिचाच एक प्रकार, असं कुणी म्हणेल. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल: जो दुर्मीळ तबकडी मिळवून कपाटात ठेवतो आणि वाजवत नाही, तो लाखेवर प्रेम करतो. पण ऐकणाऱ्याला हा दोष लागत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलं आहे की रस आधी कुठे तयार होऊन पडलेला नसतो. चर्वणा, म्हणजे आस्वाद, चालू असेतोवरच तो असतो, आणि त्या आस्वादात माझं-तुझं, तेव्हा-आता ही बंधनं गळतात. आजोबांच्या आठवणीने डोळे भरून येणं ही वैयक्तिक गोष्ट झाली, ते स्मरणरंजन. पण ज्याच्या घराण्यात कधी फोनो नव्हता अशा विशीतल्या मुलाला अब्दुल करीमखाँसाहेबांची १९३०च्या दशकातली तबकडी ऐकून भरून येतं, तेव्हा त्याच्याजवळ आठवायला काहीच नसतं. तो रसच असला पाहिजे. शिवाय सुई टेकवणारा प्रत्येक वेळी खाच थोडी झिजवतो, हे त्याला ठाऊक असतं. तो गाण्याला धरून ठेवत नाही, झिजू देऊन ऐकतो.

अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. सोबत सुई आहे, वाजवण्याची कृतीही कोरलेली आहे. पहिलं व्हॉयेजर २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. ती खाच फार मोठा काळ शाबूत राहील, पण आज तिथे भैरवी नाही, कारण ऐकणारा नाही. आपल्या माळ्यांवर, ट्रंकांत पडलेल्या तबकड्यांची स्थिती याहून वेगळी नाही. त्या उन्हाच्या झळेपासून दूर, उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर तडकतात किंवा वाकतात. पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरा. आणि त्या वाजवा.